पुण्याचंच कॉलेज हवं का?

प्रश्न : ताई, मी उदगीरची. सीईटीत ८८ पर्सेंटाइल आहेत, कॉम्प्युटरला जायचंय. बाबा म्हणतात, पुणंच टाक. यादी कशी करू?

उत्तर : गावाच्या नावावरून यादी करू नकोस गं. सीईटी कक्षाच्या संकेतस्थळावर गेल्या वर्षीच्या कॅप फेऱ्यांचे, म्हणजे इंजिनिअरिंगच्या केंद्रीय प्रवेशाचे, कटऑफ आहेत, ते उघड. तुझ्या प्रवर्गाच्या कोडचं पहिलं आणि शेवटचं अक्षर नीट बघ. सुरुवातीला एल म्हणजे मुलींची जागा. शेवटी एच म्हणजे होम युनिव्हर्सिटी, म्हणजे कॉलेज ज्या विद्यापीठाच्या हद्दीत आहे तिथल्याच मुलांची जागा; ओ म्हणजे त्या हद्दीबाहेरच्यांची. तू नांदेड विद्यापीठाच्या हद्दीतली, म्हणून पुण्यातल्या बऱ्याच कॉलेजांत तुला ओचा आकडा बघावा लागेल. मुलं एचचा वाचतात आणि फसतात, याचं मला फार वाईट वाटतं.

पर्याय मात्र आवडीच्याच क्रमाने भर. वाटप वरून खाली होतं, त्यामुळे अवघड कॉलेज वर टाकल्याने खालचं हातचं जात नाही. फक्त वरचे पर्याय विचारपूर्वक टाक. पहिल्या फेरीत पहिला पर्याय मिळाला की पुढच्या फेऱ्या बंद; नंतरच्या फेऱ्यांत वरच्या आणखी काही पर्यायांनाही हाच नियम लागतो, तो यंदाच्या माहितीपत्रकात बघ. खाली नक्की मिळतील अशी चार-पाच ठेव. पुण्याच्या होस्टेल-मेसचा खर्च बाबांसोबत कागदावर मांड, आणि नांदेडच्या एसजीजीएस या इंजिनिअरिंग कॉलेजात कोणत्या शाखेपर्यंत पोचतेस तेही बघ. ते कॉलेज चांगलं आहे, घरापासून जवळ आहे.