दुभंग नव्हे, अनुसंधानभंग

ठाण्याहून प्रश्न आलाय: 'स्किझोफ्रेनिया म्हणजे दुभंगलेलं व्यक्तिमत्त्व, तर एमआरआयमध्ये तो दुभंग दिसतो का? मेंदू आकसल्यामुळे बुद्धी मंदावते, हे खरं का?'

दुभंगलेलं व्यक्तिमत्त्व? नाही, नाही आणि नाही! एका माणसात दोन माणसं नांदणं हा निराळाच विकार. तरी घोडबंदरच्या वाहतुकीपासून पालिकेच्या धोरणापर्यंत सगळं 'स्किझोफ्रेनिक' म्हणणारे थांबत नाहीत. धरसोड, दुटप्पीपणा, दोन्ही डगरींवर हात. एवढे शब्द हाताशी असताना आजाराला कशाला वेठीला धरता? १९०१च्या मनोरुग्णालयामुळे 'ह्याला ठाण्याला पाठवा' ऐकत आलेल्या गावानं तरी हे करू नये.

आता खरी गंमत. स्विस डॉक्टर ऑयगेन ब्लॉयलर यांनी १९०८मध्ये हा शब्द वापरात आणला. ग्रीक 'स्खिझो' म्हणजे फाडणं, 'फ्रेन' म्हणजे मन. पण 'फ्रेन'चा जुना अर्थ छाती आणि पोट यांच्यामधला पडदा! त्या पडद्याची नस आजही 'फ्रेनिक नर्व्ह'च. आपलं तरी काय, 'पोटात एक, ओठात एक'. पुढे १९७६मध्ये लंडनच्या नॉर्थविक पार्कमध्ये ईव्ह जॉनस्टन आणि सहकाऱ्यांनी बरीच वर्षं स्किझोफ्रेनिया असलेल्या रुग्णांचे सीटी स्कॅन काढले. मेंदूतल्या द्रवभरल्या पोकळ्या मोठ्या दिसल्या आणि त्यांच्या आकाराचा बौद्धिक चाचण्यांतल्या उणिवेशी संबंधही दिसला. या पोकळ्यांचं नाव व्हेंट्रिकल. लॅटिनमध्ये अर्थ, 'छोटं पोट'!

ब्लॉयलरना अभिप्रेत होतं ते विचारांमधल्या जोडण्या सैल होणं. म्हणूनच स्किझोफ्रेनियासाठीचा मराठी शब्द 'छिन्नमनस्कता' मला पटत नाही. छिन्न म्हणजे कापलेलं. इथे सांधा ढिला झालाय. परिभाषावाल्यांनी ग्रीक शब्दाचं भाषांतर केलं, आजाराकडे पाहिलं नाही. माझा शब्द 'अनुसंधानभंग'. 'सं' आणि 'धा' मिळून जोडणं. बोलता बोलता अनुसंधान सुटलं, असं आपण म्हणतोच. (अनुसंधान म्हणजे संशोधन, ही हिंदीची वाट, तिकडे जाऊ नका.) जपाननं २००२मध्ये 'मन फाटण्याचा रोग' हे नाव टाकून 'एकसंधता बिघडण्याचा विकार' असं घेतलं. आम्ही मात्र छिन्नच.

बुद्धीच्या चाचण्याही हेच सांगतात. रुग्णाला सांगा, '७, २, ९, ४' उलटे म्हणा: आकडे कानावर पडतात, पण मनात धरून फिरवताना निसटतात. हे काम मुख्यतः कपाळामागच्या भागाचं. सर्वांत ठळक पिछाडी मात्र प्रत्येक अंकाखाली नेमून दिलेली खूण भराभर भरण्याच्या चाचणीत दिसते. तिथे नजर, स्मरण आणि हात एकदम जुळावे लागतात, म्हणजे भागांइतकेच त्यांना जोडणारे श्वेतद्रव्याचे पट्टे महत्त्वाचे.

राहिलं 'आकसणं'. सरासरीनं रुग्णांचा हिप्पोकॅम्पस (आठवणी साठवायला मदत करणारा मेंदूचा भाग) लहान असतो, कपाळाकडचं आणि कानशिलाकडचं मेंदूचं साल पातळ असतं. फरक थोडा, रुग्ण आणि निरोगी यांची मापं इतकी एकमेकांत मिसळतात की एका फिल्मवरून ना निदान होतं, ना बुद्धीचा अंदाज. वय, दारू, औषधं यांनीही मापं हलतात. एमआरआय सांगतात तो गाठ, मेंदूची सूज असली इतर कारणं वगळायला. 'नॉर्मल' रिपोर्ट हाती आला की घरचे गोळ्या बंद करतात, घोळ तिथे होतो.