गाजराला तासगावचा बेदाणा

इटालियन म्हटलं की तू आधी चीज आणि ओरेगॅनो आणायला धावशील. गाजराच्या या प्रकाराला दोन्ही लागत नाहीत. हे सिसिलीकडचं आंबटगोड, म्हणजे आग्रोदोल्चे: व्हिनेगर, थोडी साखर, बेदाणे. सांगलीत राहून बेदाणा बाहेरचा कशाला? तासगावचा हिरवट, लांबट घे आणि कोमट पाण्यात भिजत टाक.

अर्धा किलो गाजरं बोटाएवढी जाड चिर. पसरट कढईत दोन चमचे ऑलिव्ह तेल, ठेचलेली लसूण पाकळी, मग गाजरं आणि मीठ. लगेच झाकू नकोस, नाहीतर ती वाफेवर शिजतील, परतली जाणार नाहीत. कडा तांबूस झाल्या की अर्धी वाटी पाणी घालून झाक. सुरी आत जाताना किंचित अडली पाहिजे. तेव्हाच दोन चमचे व्हिनेगर, चमचाभर साखर, बेदाणे घाल. व्हिनेगर आधी पडलं तर गाजर मऊ व्हायला फार वेळ घेतं. आता आच मोठी कर. रस आटून फोडी चकाकू लागल्या की उतरव.

वरून घालायला चिलगोजे (पाइन नट) महाग पडतात, भाजलेले बदामाचे काप चालतात. हळद मात्र नको, सांगलीची असली तरी! गरमागरम वाढायची घाई करू नकोस, तासाभराने चव मुरते. भाकरीबरोबर? बेलाशक.