थिऑलॉजिकल सेमिनरीत ग्रंथपालाला पुस्तकांच्या देवघेवीपलीकडे काही काम असतं का?

तुम्ही लिहिलंय की ग्रंथालयशास्त्रात एमलिब झालंय, पुण्यातल्या एका सेमिनरीची (म्हणजे चर्चचे पाळक, धर्मगुरू घडवणाऱ्या संस्थेची) जाहिरात पाहिलीत आणि मैत्रीण म्हणाली, "तिथे काय, बायबलं पुसून ठेवायची." खरं तर त्या मैत्रिणीसाठीच हे लिहायला बसले. महाराष्ट्रातल्या एका प्रोटेस्टंट सेमिनरीत मी निवृत्तीपर्यंत ग्रंथपाल होते.

काम भरपूर असतं. पुस्तकं विषयवार लावायच्या ड्युई पद्धतीतला २०० चा म्हणजे धर्माचा वर्ग इतर कॉलेजांत एका कपाटात मावतो. इथे २२० ते २८० मध्येच, म्हणजे बायबल आणि ख्रिस्ती धर्मात, निम्मं ग्रंथालय, आणि हिंदू, बौद्ध, मुसलमान सगळे २९० मध्ये दाटीवाटीने. ख्रिस्ती कवी रेव्हरंड नारायण वामन टिळकांचे अभंग ८९१.४६१ ला मराठी कविता म्हणून लावायचे की २६४ ला उपासनेजवळ? मी उपासनेजवळ लावले. उपदेशाची तयारी करणारा मुलगा कवितेच्या कपाटाकडे फिरकत नाही. आणखी एक गोष्ट म्हणजे बी.डी.चा (पाळक होण्यासाठीच्या पदवीचा) अभ्यास इंग्रजीत, पण मुलाला पुढे उभं राहायचं असतं ते नेवाशा-शेवगावच्या मंडळीपुढे, म्हणजे तिथल्या चर्चच्या लोकांपुढे. "ताई, बायबलातल्या रोमकरांस पत्रावर मराठीत काही आहे का?" हा प्रश्न प्राध्यापकांना कुणी विचारत नाही.

प्राध्यापक सगळे 'सर', मी 'ताई'. कागदोपत्री शिक्षकेतर. आमची पदवी ज्याच्याकडून मिळते त्या सेरामपूर विद्यापीठाची (बंगालमधलं, आपल्या नगर जिल्ह्यातलं श्रीरामपूर नव्हे) तपासणी समिती आली की मात्र ग्रंथालयात आधी शिरते, आणि त्या दिवशी ताईंना चहा जागेवर येतो.

आता मुख्य गोष्ट. आमच्याकडे एक मुलगा होता, नगरकडचा. घरात अर्धे नातेवाईक ख्रिस्ती, अर्धे बौद्ध, जे त्या भागात नवलाचं नाही. त्याने बाबासाहेब आंबेडकरांचं 'भगवान बुद्ध आणि त्यांचा धम्म' नेलं, मग त्यांच्याच इंग्रजी लेखनाचा सरकारने काढलेला पाचवा खंड नेला. त्या खंडात अस्पृश्यांच्या ख्रिस्तीकरणावर आणि धर्मांतरितांच्या स्थितीवर दोन निबंध आहेत. चर्चमध्ये आल्यावरही जात सुटली नाही आणि चर्चने तिच्याशी झुंज घेतली नाही, हे बाबासाहेब त्यात कसलीही भीडभाड न ठेवता सांगतात. माझ्या मते ते निबंध पहिल्या वर्षाला सक्तीचे हवेत. आमच्याकडे ते फक्त कपाटात होते.

मुलगा सकाळच्या प्रार्थनेला गैरहजर राहू लागला. डीनचा शिपाई चिठ्ठी घेऊन आला : अमुक विद्यार्थ्याने या वर्षात नेलेल्या पुस्तकांची यादी द्यावी. मुलाला पाठवणाऱ्या मंडळीकडे दरवर्षी गोपनीय अहवाल जायचा, त्यासाठी. मी चिठ्ठीमागे लिहिलं, "सर्व पुस्तके वेळेत परत आली आहेत."

डीन स्वतः आले. म्हणाले, "ताई, मुलांच्या आत्मिक जडणघडणीची जबाबदारी आमची. तुम्ही शिक्षक नाही." मी म्हटलं, "म्हणूनच तो माझ्याकडे येतो." ज्याच्या हातात गुण आहेत त्याच्यापुढे कुणी शंका काढत नाही. पुस्तक मात्र मागतो. पाळकाला कुणी काही सांगितलं तर तो ते पोटात ठेवतो. मग ग्रंथपालाने रजिस्टर का उघडायचं? प्रकरण प्राचार्यांपर्यंत गेलं. त्यांनी दोघांनाही प्रार्थनापूर्वक विचार करायला सांगितलं, म्हणजे काहीच ठरवलं नाही. यादी मी दिली नाही. पुढच्या वर्षी ग्रंथालय समितीतून माझं नाव गळलं.

तो मुलगा पुढे पाळक झाला की नाही, हे मी मुद्दाम लिहीत नाही. झाला म्हटलं तर "बघा, ताईंचं बरोबर होतं" आणि नाही म्हटलं तर "बघा, डीनचं बरोबर होतं" असं होईल. त्याने काय वाचावं हा निकालावरून ठरवायचा प्रश्नच नव्हता. ग्रंथालयशास्त्रज्ञ रंगनाथनांचा दुसरा नियम, प्रत्येक वाचकाला त्याचं पुस्तक, तुम्ही परीक्षेत लिहिलाच असेल. सेमिनरीत तो पाळायला किंमत पडते. आणि ज्या सेमिनरीला आपल्या विद्यार्थ्याने आंबेडकर वाचल्याची भीती वाटते, तिने प्रवेश देतानाच जरा कमी हुशार मुलं घ्यावीत.

अर्थात सगळे डीन असे नसतात. त्याच संस्थेत एका प्राध्यापकांनी पुढे तो पाचवा खंड वर्गात वापरला, मला न सांगता. कॅथलिक सेमिनरींचा अनुभव मला नाही. तिथे पुष्कळदा ग्रंथपाल स्वतःच फादर असतात, तेव्हा 'शिक्षक की शिक्षकेतर' हा वाद वेगळा पडत असावा. तुम्ही ख्रिस्ती आहात का ते लिहिलं नाहीत. काही ठिकाणी मंडळीचं शिफारसपत्र मागतात, काही ठिकाणी नाही. जाहिरात नीट वाचा.

नोकरी घ्या. फक्त नेमणूकपत्रात पद शिक्षकवर्गात धरलंय का ते पाहा, नसेल तर निदान फॅकल्टी मीटिंगला बसायचा हक्क लेखी घ्या. ग्रंथालय कोहावर (ग्रंथालयाच्या संगणकीय प्रणालीवर) असेल तर पुस्तक परत आल्यावर वाचकाचं नाव नोंदीतून पुसण्याची सोय त्यात आहे. पहिल्याच आठवड्यात ती चालू करून घ्या, कुणी यादी मागण्याआधी. मुलाखतीत विचारा की मराठी पुस्तकांसाठी दरवर्षी किती रक्कम ठेवता. "ती देणगीत येतात" असं उत्तर आलं तर पगार थोडा वाढवून मागा, कारण ती तुम्हाला स्वतःच्या खिशातून घ्यावी लागणार आहेत.