मुलीच्या पाठीचा कणा एका बाजूला वाकलाय (स्कोलिओसिस), बाक ५५ अंश आहे, ऑपरेशन टाळता येईल का?
५५ अंशांवर ब्रेसचा, म्हणजे पाठीला बांधायच्या कडक पट्ट्याचा, फारसा उपयोग नाही. तो साधारण २५ ते ४० अंशांसाठी, तेही वाढत्या वयात. ५० च्या पुढचा बाक उंची वाढायची थांबल्यावरही हळूहळू वाढत राहतो, म्हणून ऑपरेशन सुचवतात. मणक्यांत स्क्रू बसवून धातूच्या सळ्या जोडतात आणि वर हाडाचा चुरा पेरतात. खरं काम तो चुराच करतो: काही महिन्यांत मणके एकसंध होतात, सळ्या तोवर टेकू. पाठ अगदी सरळ होईलच असं नाही, आणि जोडलेला भाग वाकत नाही. मज्जारज्जूला इजा होण्याची भीती रास्त आहे, पण ऑपरेशनभर नसांचे संकेत मशीनवर तपासत असतात. पूर्वी तर पेशंटला मध्येच जागं करून पायाची बोटं हलवायला सांगत! कोणते मणके जोडणार हे सर्जनला नक्की विचारा. कंबरेतले जितके सुटे राहतील तितकं बरं.