मुक्त मार्ग: कशापासून मुक्त?

ठाण्याच्या एका वाचक ताईंनी विचारलंय: ‘मुंबईच्या पूर्व मुक्त मार्गातलं मुक्त म्हणजे टोलमुक्तच ना? आमच्या घरात यावरून दोन तट पडलेत. आणि तो मार्ग आता ठाण्यापर्यंत येतोय, तर त्याला कुणी विस्तार म्हणतं, कुणी विस्तारीकरण. बरोबर काय?’

टोलमुक्त म्हणणारा तट हरला. त्या मार्गावर टोल नाही हे खरं, पण नाव त्यावरून पडलेलं नाही. पुरावा तुमच्या दाराशीच आहे. ऑक्टोबर २०२४ मध्ये मुंबईच्या वेशीवरच्या नाक्यांवर हलक्या वाहनांचा टोल माफ झाला, त्यात तुमचा मुलुंडचा आनंदनगर नाकाही आला. म्हणून काही कुणी तो नाका ज्यावर आहे त्या पूर्व द्रुतगती महामार्गाला मुक्त मार्ग म्हणायला लागलं नाही.

‘मुक्त मार्ग’ हे ‘फ्रीवे’चं सरळसरळ मराठी. आणि फ्रीवे हा शब्द कुणी, कधी घडवला ते ठाऊक आहे, असं भाग्य फार थोड्या शब्दांच्या वाट्याला येतं. १९३० साली न्यूयॉर्कचे एक वकील, एडवर्ड बॅसेट, यांनी तो घडवला. कुठल्या जमिनीवर काय बांधू द्यायचं याचे कायदे हा त्यांचा प्रांत. त्यामुळे रस्त्याकडेही ते वकिलाच्या नजरेनं बघत. हायवेला लागून ज्याची जमीन, त्याला हायवेवर दार उघडायचा हक्क. आज फाटक, उद्या दुकान, परवा पेट्रोल पंप, आणि बघता बघता हायवेचा बाजाररस्ता होतो. पार्कवेवर लगतच्या मालकाला हा हक्क नव्हता, पण पार्कवे पडला हवा खायला जायचा रस्ता. नुसत्या रहदारीसाठी असलेला आणि शेजाऱ्याचा हक्क न चालणारा, अशा तिसऱ्या प्रकाराला नावच नव्हतं. बॅसेटसाहेबांनी त्याचं बारसं केलं. म्हणजे मुक्त ते लगतच्या मालकांच्या हक्कापासून, पैशापासून नव्हे. (ही नावं अमेरिकेतही काही पक्की बसली नाहीत. लॉस एंजेलिसहून पासाडेनाला जाणारा रस्ता १९४० साली पार्कवे म्हणून उघडला, १९५४ साली फ्रीवे झाला आणि २०१० साली पुन्हा पार्कवे.)

मुंबईत हा शब्द अमेरिकन पाहुण्यांच्या सामानातून आला. १९६२-६३ साली विल्बर स्मिथ या अमेरिकन कंपनीनं मुंबईच्या वाहतुकीचा अभ्यास केला आणि बेटाच्या पूर्वेला नि पश्चिमेला फ्रीवे सुचवले. पूर्वेकडचा रस्ता व्हायला अर्धशतक गेलं, शब्द मात्र फायलीत जसाच्या तसा टिकला. ऑरेंज गेट ते पांजरापोळ हा टप्पा १३ जून २०१३ रोजी सुरू झाला, पुढच्या वर्षी तो घाटकोपर-मानखुर्द जोडरस्त्याला भिडला. सगळा मिळून १६.८ किलोमीटर. त्यातले सव्वानऊ किलोमीटर, ऑरेंज गेटपासून आणिकपर्यंत, खांबांवर. पुढे पांजरापोळच्या अलीकडे डोंगर पोखरून जुळे बोगदे. लगतच्या मालकाला इथे दार उघडायचंच असेल तर शिडी आणावी लागेल. बॅसेटसाहेबांच्या व्याख्येत हा चपखल बसतो.

पण मराठीत ‘मुक्त’ कुठे बसतो यावर त्याचा अर्थ फिरतो, आणि घोटाळा तिथेच आहे. शब्दाच्या शेवटी आला की तो कशापासून सुटका ते सांगतो: कर्जमुक्त, तंटामुक्त गाव, हागणदारीमुक्त गाव, खड्डेमुक्त रस्ता (हा प्रकार फक्त घोषणांत आढळतो). हा शाळेत शिकलेला पंचमी तत्पुरुष. तोच ‘मुक्त’ सुरुवातीला आला की अर्थ होतो मोकळा, आडकाठी नसलेला: मुक्तछंद, मुक्तहस्त, मुक्तद्वार, नाशिकचं मुक्त विद्यापीठ. तेव्हा ‘मुक्त मार्ग’ ऐकल्यावर मराठी कानाला ‘या, कुणीही या’ असंच ऐकू येणार.

माझा भाचा असाच गेला होता. गोवंडीहून स्कूटरवर फोर्टला निघाला, फोनमधल्या नकाशात चारचाकीचा रस्ता लावलेला राहिला, आणि फ्रीवेच्या चढाशी हवालदारानं शिट्टी मारली. दुचाकी, रिक्षा, अवजड वाहनं, कुणालाच वर जायची मुभा नाही. पावती फाडून घेऊन घरी आला आणि मलाच विचारतो, ‘मामा, यात मुक्त काय आहे?’ मी त्याला बॅसेट सांगायला लागलो, तर तो जेवायला निघून गेला.

गंमत अशी, की अशाच बांधणीच्या समृद्धी महामार्गाचं वर्णन सरकारी मराठीत ‘प्रवेश नियंत्रित’ असं करतात. एकीकडे मुक्त, दुसरीकडे नियंत्रित, आणि गुण एकच: मध्येच कुठूनही घुसता येत नाही. माझं मत विचाराल तर ‘प्रवेश नियंत्रित’ हे कोरडं असलं तरी खरं बोलतं. पण बोलीत ते चालणार नाही. बोलीला जवळचा शब्द हवा असेल तर तो ‘फाटा’पाशी शोधावा. आपल्या जुन्या महामार्गांवरची निम्मी ठिकाणं फाटेच आहेत: पळस्पे फाटा, शेडुंग फाटा, एसटीतून उतरून चहा घ्यायच्या जागा. फ्रीवे म्हणजे बिनफाट्याचा रस्ता. शब्द कुणी उचलेल अशी आशा नाही, आणि चर्चेला आणखी फाटे फोडत नाही.

तसंही बोलताना सगळे ‘फ्रीवे’च म्हणतात. पाटीवर विलासराव देशमुखांचं नाव आहे, पण टॅक्सीवाला विचारतो तो ‘फ्रीवेने घेऊ का?’ एवढंच. शिवाय शब्द मराठीत किती रुळलाय बघा: तो पुल्लिंगी झाला, कुणाला न विचारता. हायवे तो, सबवे तो, फ्रीवेही तो, कारण मनात रस्ता असतो. रेल्वे मात्र ती, कारण तिथे मनात गाडी असते. शेवटी ‘वे’ दोन्हीकडे तोच.

आता विस्तार की विस्तारीकरण. विस्तार. हे ‘-ईकरण’ संस्कृतातल्या च्वि प्रत्ययातून येतं आणि त्याचा अर्थ ठरलेला आहे: जे नव्हतं ते करणं. रुंद नव्हता, रुंद केला, म्हणून रुंदीकरण. (यातला ‘ई’ रुंदीमधला नव्हे, प्रत्ययामुळे आलेला.) नूतन नव्हतं ते नूतन केलं, नूतनीकरण. डांबराच्या जागी काँक्रीट आलं की काँक्रिटीकरण. नाक मुरडणारे मुरडोत, भस्मीकरणाच्या शेजारी बसवण्याइतका हा शब्द नियमात आहे. पण विस्तारीकरण म्हणजे जो विस्तार नव्हता त्याचा विस्तार करणं. रस्त्याचा रस्ताच राहतो, फक्त लांब होतो. ‘पूर्व मुक्त मार्गाचा ठाण्यापर्यंत विस्तार’ एवढं लिहिलं की भागतं. ‘ठाण्यापर्यंत वाढवणार’ हे त्याहून बरं, पण निविदेत क्रियापद चालत नसावं.

चौपदरीकरण, सहापदरीकरण ही मात्र मला आवडतात, ती त्यातल्या पदरामुळे. हल्ली लेनला ‘मार्गिका’ म्हणायची पद्धत आहे, पण मेट्रोची लाइनही मार्गिकाच, त्यामुळे बातमी दोनदा वाचावी लागते. पदराचं तसं नाही. तीनपदरी माळेत सर शेजारी शेजारी असतात, तसे रस्त्याचे पदर शेजारी शेजारी. पोळीचेही पदर असतात, पण ते एकावर एक, म्हणून आजवर ती उपमा रस्त्याला लागू पडत नव्हती. तुमच्या ठाण्याला येणारा फ्रीवे मात्र घाटकोपरच्या छेडानगरपासून पूर्व द्रुतगती महामार्गाच्या अंगानेच, खांबांवरून यायचा आहे. विक्रोळीला फेब्रुवारी-मार्चमध्ये गुलाबी फुलणाऱ्या बसंत रानीच्या झाडांच्या तोडीवरून जो वाद झाला, तो याच खांबांपायी. काम पुरं झालं की टॅक्सीवाला ‘फ्रीवेने घेऊ का?’ असंही विचारणार नाही. ‘वरून की खालून?’ म्हणेल, आणि रस्त्याला पोळीसारखे पदर सुटलेले असतील.