‘आयटीआयला इंग्रजी नसतं म्हणे’

एसएसएलसीचा, म्हणजे कर्नाटकातल्या दहावीचा, निकाल लागला की माझ्याकडे सल्ल्याला येणाऱ्या बहुतेक पालकांची काळजी एकच असते: मार्क बरे पडलेत, मग पीयूसी (अकरावी-बारावी) सायन्स सोडून पोराला आयटीआय-डिप्लोमाला कशाला घालायचं? बेळगावजवळच्या एका गावातले वडीलही हेच विचारायला आले होते. (ओळख पटेल असे तपशील बदलले आहेत.) मुलाला 625 पैकी 481. गणितात 84, इंग्रजीत 51. शाळा मराठी माध्यमाची.

वडील बेळगावच्या उद्यमबाग औद्योगिक वसाहतीतल्या एका फाउंड्रीत, म्हणजे ओतकामाच्या कारखान्यात, मोल्डर, वाळूचे साचे करणारे. खुर्चीत बसायच्या आधीच म्हणाले, ‘‘मॅडम, मी बावीस वर्सं वाळूत आणि धुरात काढली. हेनं पण तेच करायचं म्हंतोय. जरा सांगा की हेला.’’

पोरगा आपल्या पायांकडे बघत होता. विचारल्यावर एवढंच म्हणाला, ‘‘मशिनिस्ट करायचंय.’’ म्हणजे आयटीआयचा, मशिनवर धातू कापून मापात आणायचा ट्रेड.

इथं मी चुकले. पोराचा ओढा एकीकडे, बापाची हौस दुसरीकडे, अशा जोड्या इतक्या पाहिल्यात की ऐकायच्या आधीच माझा निवाडा तयार होता. मी वडिलांनाच समजावू लागले. फाउंड्री म्हणजे अख्खा कारखाना नव्हे, तुम्ही ओतलेलं कास्टिंग पुढं मशिन शॉपला जातं, तिथं ते नेमक्या मापात उतरतं. शिवाय पुढच्या वाटा बंद होत नाहीत. दोन वर्षांचा आयटीआय ट्रेड झाला की डिप्लोमाच्या दुसऱ्या वर्षाला जाता येतं. तीन वर्षांचा डिप्लोमा झाला की डीसीईटी ही डिप्लोमावाल्यांची प्रवेश परीक्षा देऊन बीईच्या दुसऱ्या वर्षाला. आणि ती पदवी देणारं व्हीटीयू, म्हणजे विश्वेश्वरय्या तंत्रज्ञान विद्यापीठ, तर आपल्या बेळगावजवळच्या मच्छेलाच आहे.

वडील मान हलवत होते, पण पटल्यासारखे दिसत नव्हते. त्याचं मला काही वाटलं नाही. खटकलं ते दुसरंच. मी ज्याची बाजू मांडत होते, तो पोरगाही खूश दिसेना.

वडिलांना चहाला पाठवलं. बऱ्याच वेळानं पोरानं तोंड उघडलं. ‘‘सायन्सला सगळं इंग्रजीत असतंय. आयटीआयला इंग्रजी नसतं म्हणे.’’

हे अर्धंच खरं. आयटीआयत शिकवणारे बरंचसं कानडीत समजावतात आणि आपल्या गावाकडच्या पोरांचं कानडीवर निभतं. पण ड्रॉइंगवरच्या सूचना इंग्रजीत, सीएनसीच्या (संगणकावर चालणाऱ्या मशिनच्या) पडद्यावरची अक्षरं इंग्रजीत. डिप्लोमाला गेला तर पहिल्याच वर्षी गणित इंग्रजी पुस्तकातून. इंग्रजी चुकवायला म्हणून या वाटेला लागलेल्याला ती पुढच्या वळणावर गाठतेच. म्हणून ‘मग सायन्सच घे’ म्हणावं, तर तेही धाडस. मराठी शाळेतून थेट पीयूसी सायन्सच्या वर्गात बसलेली मुलं दिवाळीपर्यंत शंका विचारायची बंद झालेली मी पाहिलीत. हुशार मुलं. घरी कुणाला सांगतही नाहीत. भीती खोटी नव्हती, फक्त कोर्स निवडायला तीच बसली होती.

मी आठ दिवस मागून घेतले. पोराला दोन कामं. एक, पहिल्या पीयूसीच्या फिजिक्सचा मापनाचा धडा, दहा पानं, अडलेल्या शब्दांचे अर्थ समासात पेन्सिलीनं मराठीत लिहायचे. दुसरं, मच्छेला मामाचं छोटं वर्कशॉप होतं, तिथं दोन दिवस नुसतं उभं राहून बघायचं, मशिनला हात लावायचा नाही. काम वडिलांनाही दिलं. जेवणाच्या सुट्टीत आपल्याच कारखान्यातलं मशिन शॉप बघून यायचं. बावीस वर्षांत ते त्या शेडमध्ये एकदाही गेले नव्हते.

आठ दिवसांनी पुस्तक उघडलं. दहा नाही, सहाच पानं झाली होती. पाच पानांचे समास पेन्सिलीनं काळे. सहावं जवळजवळ कोरं. कंटाळा केला असणार, असं मला वाटलं. तो म्हणाला, ‘‘लीस्ट काउंट म्हंजे काय ते कळेना. डिक्शनरीत दोन्ही शब्द बघितले, अर्थ लागंना. मग मामानं व्हर्नियर हातात दिला, बारीक माप घ्यायचा. 0.02 मिलिमीटर. त्याच्यापेक्षा बारीक त्यानं मोजता येत न्हाई. मग ते पान वाचलं, कळालं.’’ हे सांगताना पहिल्यांदाच तो माझ्याकडे बघून बोलला.

वस्तू हातात असली की याला इंग्रजी कळत होती. नुसत्या फळ्यावरची जड जात होती. गणितही चांगलं होतं. त्यामुळं मी आयटीआयऐवजी मेकॅनिकल डिप्लोमा सुचवला आणि रोज एक पान इंग्रजी ही अट घातली. वाचायचं काय, ते त्यानंच ठरवायचं. नाहीच झेपलं तर आयटीआयची वाट राहतेच.

वडिलांना विचारलं, ‘‘तुम्ही काय बघितलंत?’’

‘‘तिथं फॅन हाईत मॅडम,’’ ते म्हणाले. मग थोडं थांबून, ‘‘आमच्या कास्टिंगमधले खड्डे तिथं दिसत्यात. पोरं शिव्या घालत असतील आमाला.’’

फी, बस पास, हॉस्टेल नको, एवढं दहा मिनिटांत उरकलं.

उठताना वडील सहज बोलून गेले, ‘‘धाकटी पुढच्या वर्षी एसएसएलसीला हाय. तिला आपलं आर्ट्सला घालतो. कॉलेज जवळ हाय.’’

‘‘तिला विचारलंत?’’

ते हसले. पोरगाच मध्ये बोलला, ‘‘घरातला मिक्सर तीच खोलती.’’

मी डायरीत पुढच्या मे महिन्याचं पान काढलं.