डियर लीजमध्ये भागी घेण्याआधी कागद मागा

टेक्ससमधल्या ऑस्टिनजवळच्या राउंड रॉकहून एका वाचक भगिनीचं पत्र आलंय. नाव अर्थातच छापत नाही. डियर लीज म्हणजे हरणांच्या शिकारीसाठी एखादी रँच, म्हणजे गुरांचं मोठं कुरण, भाड्याने घेणं.

"ताई, ह्यांच्या ऑफिसातली मंडळी दरवर्षी मिळून लॅनोजवळ 900 एकरांची एक रँच डियर लीजवर घेतात. आठ जणांतला एक जण बदलून टेनेसीला गेला, म्हणून ती जागा ह्यांना देऊ करतायत. वर्षाचे 2,800 डॉलर, मका आणि बाकीचा खर्च वेगळा. त्यांचा पुढारी म्हणतो, 'सगळं मिळून मिसळून चालतं, कागद-बिगद काही नाही, आम्ही मित्रच आहोत.' ह्यांचा मॅनेजरही त्यात आहे, त्यामुळे नाही म्हणायला जड जातंय. मुलगा अकरा वर्षांचा, तो तर बॅग भरून बसलाय. आम्ही अजून एच-वन-बी व्हिसावर आहोत, ग्रीन कार्डच्या रांगेत. सासूबाई दसऱ्याला येतायत, त्या माळकरी. आणि दर शनिवार-रविवार हे तिकडे गेले तर मी इथे एकटीने काय करायचं? काय ठरवू?"

तुमच्या काळज्या सगळ्याच खऱ्या आहेत. व्हिसाची तर फारच खरी आहे, तिच्याकडे येते. पण पत्र वाचताना मी एका वाक्यापाशी थांबले ती थांबलेच. "कागद-बिगद काही नाही, आम्ही मित्रच आहोत." अहो, मित्र आहात म्हणूनच कागद हवा! परक्याशी भांडण झालं तर पैसे जातात. मित्राशी झालं तर पैसे जातात आणि सोमवारी त्याच माणसासमोर मीटिंगला बसावं लागतं.

लीज घेण्यात गैर काहीच नाही, हे आधी सांगते. भारतात 1972 च्या वन्यजीव संरक्षण कायद्यानंतर शिकार बंद झाली, त्यामुळे आपल्या मनात शिकार म्हटलं की चोरीछुपीचा धंदा येतो. टेक्ससमध्ये तसं नाही. इथली 95 टक्क्यांच्या आसपास जमीन खासगी मालकीची आहे. हरणं आहेत 50 लाखांच्या घरात, आणि हिल कंट्रीत, म्हणजे लॅनोकडच्या डोंगराळ पट्ट्यात, तर सर्वात दाट. पावसाने ओढ दिली की गुरांवर रँचचं भागत नाही, मग मालक शिकारीचा हक्क वर्षाच्या भाड्याने देतो. त्यासाठी मालकाला राज्याच्या पार्क्स अँड वाइल्डलाइफ खात्याकडून स्वतःचं हंटिंग लीज लायसन्स काढावं लागतं. उघड, रीतसर व्यवहार आहे हा. एवढ्या रीतसर व्यवहारात तुमचीच बाजू तेवढी तोंडी, हे मला पटत नाही.

माझं माहेर खटाव तालुक्यातलं. चार चुलत घरांची मिळून एक सामाईक विहीर होती, आणि तिच्यावर डिझेल इंजिन. आजोबांनी पाण्याच्या पाळीची एक वही केली होती. लाल पुठ्ठ्याची, देवघराच्या फडताळात ठेवलेली. कुठल्या वारी कुणाची पाळी, तेल कुणी आणायचं, गाळ काढायला किती माणसं कुणी द्यायची, आणि मला सर्वात आवडणारं कलम: पाळी चालू असताना इंजिन बंद पडलं तर ती पाळी बुडाली की दुसऱ्या दिवशी पुढे सरकली. खाली चौघांच्या सह्या, एकाचा अंगठा. 1972 च्या दुष्काळात आजूबाजूच्या वस्त्यांवर सख्खे भाऊ पाण्यावरून कोर्टात गेले. आमच्याकडे ती वही उघडायची, वाचायची आणि गप्प बसायचं. चुलते काही एकमेकांवर जीव ओवाळून टाकणारे नव्हते. कागद पक्का होता, एवढंच.

आता दुसरी बाजू ऐका, ही टेक्ससमधलीच. आमचे धाकटे दीर सॅन अँटोनियोला असतात. त्यांनी पाच जणांत मिळून एक लीज घेतली होती, सगळी कंपनीतली माणसं, सगळी भली. पहिला हंगाम झकास गेला. दुसऱ्या वर्षी एकाने मेव्हण्याला आणलं, मेव्हण्याने त्याच्या दोन दोस्तांना. पाहुणे आणायचे की नाही हे कधी बोललंच गेलं नव्हतं, मग कोण कुणाला अडवणार? हंगामाच्या पहिल्या पहाटे दीर अंधारात आपल्या ब्लाइंडपाशी, म्हणजे शिकाऱ्याने लपून बसायच्या खोपटीपाशी, पोचले तर आत मेव्हण्याचा दोस्त बसलेला. उन्हाळाभर फीडरमध्ये, म्हणजे हरणांना खाणं टाकणाऱ्या ड्रमात, मका भरायला दीरच जायचे. पन्नास पौंडांची पोती पाठीवर घेऊन शिडी चढायची आणि ड्रमात ओतायची, घामाने निथळत. हरीण पाडायला बाकीचे.

तेही चाललं असतं. पण मालकाशी करार होता एकट्या पुढाऱ्याच्या सहीने. त्याचं आणि मालकाचं कशावरून तरी बिनसलं आणि मालकाने लीज दुसऱ्यांना दिली. टेक्ससमधल्या रँचच्या फाटकाला तुम्ही पाहिलं असेल, एक साखळी असते आणि तीत एकात एक अडकवलेली चार-सहा कुलपं. मालकाचं वेगळं, विजेच्या कंपनीचं वेगळं, शिकाऱ्यांचं वेगळं, ज्याने त्याने आपलं उघडून आत जायचं. दीर गेले तर त्या साखळीतून यांचं कुलूप काढून टाकलेलं. आत यांचा फीडर, यांचं ब्लाइंड, यांचा छोटा कॅम्पर, म्हणजे मुक्कामाची गाडी. पैसे वर्षाचे भरलेले, पण ते पुढाऱ्याच्या हातात, मालकाशी यांचा कागदोपत्री संबंधच नाही. कॅम्पर मिळवायला तीन महिने विनवण्या कराव्या लागल्या. त्या पाचांतले दोघे आजही एकमेकांच्या मुलांच्या लग्नाला जात नाहीत. हरणावरून नव्हे हो, न लिहिलेल्या चार ओळींवरून.

म्हणून तुमच्या यजमानांना सांगा, 2,800 चा चेक लिहिण्याआधी दोन कागद मागायचे. पहिला, मालकाबरोबरचा मूळ करार. त्यात सही कुणाची, आठही जणांची नावं आहेत का, लीज कुठल्या तारखेपासून कुठल्या तारखेपर्यंत, फक्त हरणाच्या हंगामापुरती की वर्षभराची, मधेच रद्द झाली तर पैशाचं काय, आणि आत ठेवलेलं सामान काढायला किती दिवस. मालकाने जबाबदारीचा विमा मागितलाय का आणि त्यात तुमच्या यजमानांचं नाव येतं का, हेही तिथेच कळेल. रँचच्या हद्दीचा नकाशा मागा. परवानगीशिवाय दुसऱ्याच्या जमिनीवर शिकार करणं हा टेक्ससमध्ये गंभीर गुन्हा आहे, आणि जखमी हरीण कुंपण ओलांडून गेलं तरी शेजाऱ्याला विचारल्याशिवाय त्याच्या मागे जाता येत नाही. नवख्या माणसाला हद्द माहीत नसणं परवडणारं नाही.

दुसरा कागद आठ जणांचा आपापसातला. हा त्यांच्याकडे नाही, म्हणून तुमच्या यजमानांनीच एक पानभर लिहून पुढे ठेवावा. नवा माणूस आहे, त्याला विचारायचा हक्क आहे. प्रत्येकाला किती नर आणि किती माद्या. राज्याची मर्यादा वेगळी, लीजची वेगळी, आणि लीजची नेहमी कमी असते, असावीच. कुठलं ब्लाइंड कुणाचं, की चिठ्ठी टाकून ठरवायचं. बायको-मुलं भागीत धरली आहेत की पाहुण्यांत. पाहुणा आणला तर त्याने पाडलेलं हरीण कुणाच्या हिश्शातून वजा. मक्याचा हिशेब कोण ठेवणार, उन्हाळ्यात कामाचे दिवस किती, न येणाऱ्याने काय भरायचं. एखाद्याची नोकरी गेली, बदली झाली तर त्याचे पैसे परत की नाही, आणि त्याच्या जागी माणूस कोण आणणार. हे शेवटचं आपल्या लोकांसाठी फार महत्त्वाचं आहे. ले-ऑफ झाल्यावर व्हिसापायी साठ दिवसांत घर आवरायची वेळ ज्याच्यावर येऊ शकते, त्याने वर्षाचे पैसे आगाऊ भरताना हे विचारायलाच हवं.

आणि एक ओळ ठळक लिहायची: त्या दिवसाची शिकार संपून बंदुका रिकाम्या करून आत ठेवल्याखेरीज कॅम्पवर बाटली उघडायची नाही. ही ओळ वाचून कुणी नाक मुरडलं, तर तिथेच उत्तर मिळालं असं समजा.

एवढं मागितलं तर मॅनेजर रागावेल, ही तुमची भीती. आपण इथे वीस-वीस वर्षं राहतो, घरं घेतो, मुलं कॉलेजला घालतो, पण साहेबासमोरची भीड काही सुटत नाही. ह्याबद्दल मी तुम्हाला थोडं रागावणारच. तुमचे मॅनेजर घर घेताना पानोपान वाचून सही करणारे गृहस्थ असतील. कागद मागितल्याने इथल्या माणसाचा अपमान होत नाही. उलट जुने, मुरलेले लीजवाले स्वतःच नियमांचं पान हातात ठेवतात. आमचा मुलगा आता ज्या लीजवर जातो, तिथे ते पान प्लास्टिकमध्ये घालून कॅम्पच्या दारावर लावलेलं आहे, आणि तो ग्रुप वर्षानुवर्षं टिकून आहे.

बाकीच्या गोष्टी भराभर सांगते.

व्हिसा. एच-वन-बीवरच्या माणसाला केंद्रीय कायद्याप्रमाणे बंदूकच काय, काडतूसही जवळ बाळगता येत नाही. त्याला जे मोजके अपवाद आहेत त्यांतला एक म्हणजे राज्याचं वैध शिकारीचं लायसन्स. टेक्ससचं वार्षिक लायसन्स 31 ऑगस्टला संपतं. 1 सप्टेंबरला नवं नसेल आणि बंदूक कपाटात असेल तर अपवाद गेला, आणि बंदुकीचा गुन्हा इमिग्रेशनमध्ये देशाबाहेर काढण्याइतका महाग पडू शकतो. तुम्ही एच-फोरवर, म्हणजे त्यांच्या जोडीदाराच्या व्हिसावर, असाल आणि बंदुकीच्या तिजोरीचा नंबर तुम्हालाही माहीत असेल, तर प्रश्न तुमचाही होतो. तेव्हा बंदूक घ्यायच्या किंवा कुणाची उसनी हातात धरायच्या आधी इमिग्रेशन वकिलाला तासाभराची फी द्या. हे टाळू नका.

बंदूक घरात आलीच तर कुलूपबंद. सतरा वर्षांखालच्या मुलाच्या हाती भरलेली बंदूक लागेल अशी ठेवणं हा टेक्ससमध्ये गुन्हा आहे. तुमच्याकडे अकरा वर्षांचा आहे, आणखी काय सांगू?

सासूबाई. गॅरेजमध्ये वेगळा छोटा फ्रीझर घ्या आणि त्या येण्याआधीच यजमानांनी स्वतः त्यांना फोनवर सांगावं. सुनेने सांगायची ही गोष्ट नाही. मांस नको असेल तर हंटर्स फॉर द हंग्री या उपक्रमामार्फत गरजूंना देता येतं, पण हरीण पाडून टाकून देणं कायद्याला चालत नाही आणि माळकऱ्याच्या घराला तर अजिबातच नाही.

तुमचे शनिवार-रविवार. हरणांचा मुख्य हंगाम नोव्हेंबरच्या पहिल्या शनिवारी सुरू होतो. 2026 मध्ये तो 7 तारखेला येतो आणि लक्ष्मीपूजन 8 ला, रविवारी. कॅलेंडर काढा आणि कुठले शनिवार-रविवार त्यांचे आणि कुठले घराचे, हे चेक देण्याआधी दोघांनी बसून लिहा. होय, हेसुद्धा लिहाच.

मुलाचं मात्र मन मोडू नका. हंटर एज्युकेशनचा कोर्स टेक्ससमध्ये नवव्या वर्षापासून करता येतो, आणि 2 सप्टेंबर 1971 किंवा त्यानंतर जन्मलेल्या प्रत्येक शिकाऱ्याला तो लागतो, म्हणजे तुमच्या यजमानांनाही लागणार. बापलेकांनी बरोबरच करावा. लीजच्या निर्णयासाठी थांबायचं काही कारण नाही, या उन्हाळ्यातच नाव घाला.

आणि लीजवाल्यांनी कागद दिलाच नाही तर? तर नाही म्हणा, सरळ आणि गोड शब्दांत. मॅनेजरला म्हणावं, "घरी ठरलंय, करार पाहिल्याशिवाय वर्षाचे पैसे गुंतवायचे नाहीत, पण एखाद्या शनिवारी पाहुणा म्हणून बोलावलंत तर आवडेल." पार्क्स अँड वाइल्डलाइफ खात्याचं 48 डॉलरचं सार्वजनिक शिकारीचं परमिट मिळतं, त्यावर राज्यभरच्या सरकारी जागा खुल्या होतात. लहान मुलांसाठी टेक्सस यूथ हंटिंग प्रोग्रॅम आहे. त्यात अनुभवी माणसाच्या देखरेखीखाली, आईबाप बरोबर असताना, मुलं खासगी रँचवर जातात. आमचा नातू त्यातूनच पहिल्यांदा गेला. हरीण काही मिळालं नाही, पण पहाटे चारला हाक न मारता उठायला शिकला. एक हंगाम असा काढा, आणि यजमानांना खरंच गोडी लागली तर पुढच्या वर्षी फेब्रुवारी-मार्चमध्ये, हंगाम उलटून नव्या लीजची बोलणी सुरू होतात तेव्हा, आपल्या अटी घेऊन शोधायला निघा. लॅनो, मेसन, गिलेस्पी, तिन्ही काउंट्यांत रँच पुष्कळ आहेत, आणि कागद देणारे ग्रुपही.